टीव्हीची समीक्षा गच्चीपासून सुरू करू या

(नौपाडा, ठाणे येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मराठी मालिकांना नावं ठेवणं हा आपला आवडता उद्योग आहे. नायिका दागिने घालून झोपते, एक थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, हे सगळं आपण रोज चहाबरोबर बोलतोच. त्यासाठी मला इथे बोलवायची गरज नव्हती. मला आज वेगळं काही म्हणायचंय. कार्यक्रम आपल्या घरात कोणत्या वाटेने येतो, यावर तो कसा लिहिला जाईल हे बरंचसं ठरतं. ही वाट आपल्या समीक्षेत जवळजवळ येतच नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्यानंतर नौपाड्यातल्या गच्च्यांवर वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून अँटेना उभ्या राहिल्या. एकाने गच्चीत अँटेना फिरवायची, एकाने खिडकीत उभं राहायचं, एकाने टीव्हीसमोर बसून ओरडायचं. ‘‘आलं का?’’ ‘‘आलं, आलं... गेलं!’’ इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी हे केलंय. हसताय म्हणजे केलंच आहे.

त्या अँटेनावर बरीच वर्षं एकच चॅनेल दिसायचं. त्यामुळे ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की बँकेत नोकरी करणारा, ज्याची शेती म्हणजे खिडकीतली तुळस, असा माणूससुद्धा पिकावरच्या किडीची माहिती घेत बसायचा. उठून जाणार कुठे? पण याचा अर्थ नीट बघा. ‘गजरा’ लिहिणाऱ्याला, ‘चिमणराव’ करणाऱ्याला माहीत होतं की समोर आजोबा आहेत, नातू आहे, शेजारचे चार जण उंबऱ्यात बसलेत. प्रेक्षक पळून जाणार नव्हता, म्हणून कार्यक्रमाला सावकाश बोलता येत होतं. त्या काळच्या संयमाचं कौतुक करताना, त्यातला किती कलावंताचा आणि किती अँटेनाचा, हे विचारायला हवं.

‘जुनं ते सोनं’ असं मला म्हणायचं नाही. बातम्या सरकारच्याच होत्या. आणि जे उंबऱ्यात बसत, त्यांना विचारा. ‘‘आज पाहुणे आलेत रे,’’ म्हणून दार लोटलं जायचं, ते त्यांच्या लक्षात आहे.

मग आली केबल. 1991 च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची चव लावली. झी टीव्ही सुरू झाला 2 ऑक्टोबर 1992 ला, म्हणजे दूरदर्शन केंद्राला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी. या गच्चीवरून त्या गच्चीवर, आंब्याच्या झाडातून वायरी गेल्या. केबलचा कायदा झाला 1995 मध्ये. वायर आधी, कायदा नंतर. केबलवाला गल्लीतलाच मुलगा असायचा. मॅचच्या दिवशी चित्र गेलं तर त्याच्या घरी जाऊन भांडता यायचं.

आता इथे समीक्षकाच्या कामाची गोष्ट आहे. जुन्या केबलमध्ये जागा मोजकी होती. सुरुवातीच्या नंबरांवर चित्र स्वच्छ, पुढे मुंग्या. चांगली जागा मिळवायला वाहिन्या पैसे मोजू लागल्या. त्याला ‘कॅरेज फी’ म्हणत. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी. ‘आभाळमाया’ घराघरांत पोचली ती चांगली होती म्हणून, हे खरंच. पण चांगली असून न पोचणं शक्य झालं, तेही याच व्यवस्थेत. आणि प्रेक्षकाच्या हातात रिमोट आला. आता लेखक अंगठ्यासाठी लिहू लागला. तीनदा दाखवलेली थप्पड ही नुसती दिग्दर्शकाची हौस नाही, ती तुमच्या अंगठ्याला ‘थांब’ म्हणते. कारण कळलं म्हणून गुन्हा माफ होत नाही, पण कारण न कळता दिलेली शिवी म्हणजे समीक्षा नव्हे.

पुढे सेट टॉप बॉक्स. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ची मुदत होती. दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली होती, मुदत 31 मार्च 2013. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे एक नियम, अलीकडे पाच महिन्यांनी. आपल्याला सांगितलं गेलं की आता जागेची अडचण संपली, हवं ते निवडा.

ती निवड प्रत्यक्षात आली 1 फेब्रुवारी 2019 ला. ट्रायचा नवा नियम. तेव्हा शंभर चॅनेलपर्यंत 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. पैसे भरायचे चॅनेल याच्या वर, हवे तेवढेच, सुटे. कागदावर उत्तम. आमच्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, ‘‘मला कीर्तन, बातम्या आणि एक मालिका. तेवढंच दे.’’ केबलच्या मुलाने इंग्रजी यादी पुढे केली. आजींनी चष्मा लावला, काढला. तो म्हणाला, ‘‘आजी, पॅकच घ्या, स्वस्त पडेल.’’ आजींकडे आजही खेळांचे चॅनेल आहेत, कार्टून आहेत. पुढचे दोन आठवडे कीर्तन मात्र नव्हतं.

मुलाची चूक नव्हती. हिशेबच तसा होता. एकोणीस रुपयांपर्यंतचं चॅनेल पॅकमध्ये घालता येत होतं. सुट्यांच्या बेरजेपेक्षा पॅक किती स्वस्त द्यावं, यावर ट्रायने 15 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. मग सुटं महाग आणि पॅक स्वस्त ठेवायला तेव्हा वाहिन्या मोकळ्या होत्या. सुटी मेथी वीस रुपये, आणि मेथीबरोबर नको असलेला दुधी, भोपळा, पडवळ घेतलं तर पंचवीस. कोण सुटी घेईल? आणि मग भाजीवाला सांगणार की ठाणेकरांना पडवळ फार आवडतं!

माझी मुख्य तक्रार इथे आहे. ‘लोकांना हेच आवडतं’ हे वाक्य वाहिन्या ढालीसारखं वापरतात आणि आपण समीक्षक ते मान्य करून लोकांच्या अभिरुचीवर घसरतो. आजींनी जे निवडलंच नाही, त्याचा दोष आजींच्या आवडीला कसा देणार?

उलट उदाहरणही आहे. 2004 पासून दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं बिल नाही. पण तिथेही खासगी वाहिन्यांना लिलावात जागा विकत घ्यावी लागते. बिल नसलेल्या घरात काय दिसावं, हे तिथेही आधी पैशाने ठरतं.

आज नौपाड्यात जुन्या इमारती पाडून टॉवर होताहेत. गच्चीवरच्या वायरी गेल्या, डक्टमधून फायबर आला, प्रत्येक खोलीत वेगळा पडदा. उंबऱ्यात कोणी बसत नाही, हे चांगलंच झालं. पण सासू-सून एकत्र बघतील असं काही लिहायचं कारणही कमी होत चाललंय. पुढची मराठी मालिका या बदलाला काय उत्तर देते, ते मला बघायचंय.

एक विनंती. घरी गेल्यावर बिल काढा. किती चॅनेलचे पैसे भरता आणि किती बघता, मोजा. मग मालिकेला शिव्या द्या, जरूर द्या. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या काकूंनी मघापासून हात वर केलाय.