‘स्पष्ट’ म्हणजे काय?

वर्गात दिवसातून दहा वेळा तरी माझ्या तोंडी येणारा शब्द म्हणजे ‘स्पष्ट’. स्पष्ट वाच, स्पष्ट सांग, स्पष्ट बोल! वीस वर्षे हा शब्द मी बिनदिक्कत वापरीत आलो. तो मुळात जिभेचा नाहीच, डोळ्यांचा आहे, हे मला फार उशिरा कळले.

मी संस्कृतचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुरते शिकलो तेवढेच. पण कोश उघडायला पदवी लागत नाही. ‘स्पश्’ म्हणजे पाहणे, न्याहाळणे. त्यावरून ‘स्पश’ म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाभोवती बसतात ते हेच. इंग्रजीतला ‘स्पाय’सुद्धा याच गोतावळ्यातला. पतंजलीच्या महाभाष्यातील पहिल्या आह्निकाचे नाव ‘पस्पशा’. त्यावर श्लेष करून माघाने ‘शिशुपालवधा’च्या दुसऱ्या सर्गात, हेरांवाचूनच्या राजनीतीला पस्पशेवाचूनच्या व्याकरणाची उपमा दिली आहे. त्याच धातूपासून झालेले ‘स्पष्ट’ म्हणजे ‘दिसलेले’. तेव्हा स्पष्ट बोलणे म्हणजे ऐकणाऱ्याला दिसेल असे बोलणे.

आता आपण ‘स्पष्टवक्ता’ कोणाला म्हणतो ते पाहा. लग्नघरी भरल्या पंगतीत “आमटी अळणी आहे हो!” असे ओरडणाऱ्या गृहस्थाला! आमच्या कादंबऱ्यांत असा एक काका हटकून असतो. “मी आपला स्पष्ट बोलणारा,” असे म्हणून तो सुनेला रडवतो आणि लेखक त्याचे कौतुक करतो. माझ्याही पहिल्या कादंबरीत असा काका आहे, आणि आता तो मला वाचवत नाही. त्याच्या एवढ्या बोलण्यातून ना सून दिसते, ना तिचे घर. दिसतो तो एकटा काकाच.

‘स्फुट’ हा दुसरा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. स्फुट म्हणजे उमललेले, उघड झालेले. मराठीत त्याचा अर्थ ‘किरकोळ, सुटे’ असा होऊन बसला, पण त्याचा धातू ‘फुटणे’त जिवंत आहे. आपल्याकडे कळीला पाकळी फुटावी तशी माणसाला वाचा फुटते.

एका उन्हाळ्यात चौथीतली एक मुलगी उशिरा आली. कारण विचारले, तेव्हा म्हणाली, “गुर्जी, हिरीचं पानी आटलंय. तळाचा चिखुल दिसतोय. वाटी-वाटीनं हंडा भरला, म्हनून उशीर झाला.”

मी म्हणालो, “स्पष्ट बोल.”

तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले. मी पुन्हा म्हणालो, “स्पष्ट!” तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही.

ती विहीर, तो चिखल, ती वाटी मला पहिल्याच वेळी दिसली होती. मला हवा होता तो ‘पाणी’तला ‘ण’. ‘माझ्यासारखे बोल’ असे म्हणण्याची लाज वाटली, म्हणून मी ‘स्पष्ट’ हा सोज्ज्वळ शब्द पुढे केला. त्यानंतर वर्षभर ती मुलगी धडा वाचायला उभी राहिली नाही.