‘परित्यक्त’ या विशेषणाविषयी

न्यूयॉर्कच्या चेल्सी वस्तीतून जाणाऱ्या, १९३४ साली सुरू झालेल्या उन्नत लोहमार्गावरील शेवटची मालगाडी १९८० मध्ये धावली. जोएल स्टर्नफेल्ड यांच्या ‘वॉकिंग द हाय लाइन’ (२००१) या छायाचित्रसंग्रहात रुळांतले गवत आहे, ऋतू आहेत. माणूस मात्र जवळजवळ नाही. अशा भूमीस ‘परित्यक्त’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत ‘परित्यक्ता’ म्हणताच टाकणारा नवरा डोळ्यांपुढे येतो. भूमीच्या बाबतीत हे कर्मणि कृदन्त आपला कर्ता गिळून टाकते. मार्ग टाकला तो रेल्वेने, पुलाखाली राहणाऱ्यांनी नव्हे. कर्ता लोपला की निर्जन ते अस्वामिक भासू लागते. या चित्रांनी नेमके हेच साधले.

त्यांचे ऋण नाकारता येत नाही. पाडण्याच्या बेतातून पूल वाचला व २००९ मध्ये तेथे उद्यान उघडले. परंतु २००५ च्या क्षेत्रविभागणी-बदलानंतर भोवती महागड्या सदनिका उभ्या राहिल्या; आणि शेजारच्या सार्वजनिक गृहवसाहतींच्या बाबतीत आपण उणे पडलो, हे उद्यानाचे सहसंस्थापक रॉबर्ट हॅमंड यांनीच २०१७ मध्ये मान्य केले. तेव्हा अशा भूमीविषयी लिहिताना लुप्त कर्ता वाक्यात परत आणणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.