पद्माकर शिवलकर : कारकीर्द मोजायची कशाने?

(उमरठ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



उमरठला येऊन क्रिकेटवर बोलायचं म्हणजे आमचं जरा धाडसच झालं. इथं पाऊल ठेवल्यावर माणूस आधी समाधीपुढे उभा राहतो, मग बाकीचं. आम्हीही तेच केलं. आणि तिथं उभे असतानाच आजच्या विषयाचं टोक हाती लागलं. तानाजी मालुसऱ्यांचं नाव घेतलं की आपल्याला १६७० सालच्या फेब्रुवारीतली एक रात्र आठवते. त्या रात्रीच्या आधी कितीतरी वर्षांची सोबत होती, चाकरी होती; पण ती आपल्या ध्यानात येते ती या एका रात्रीमुळे. आपली स्मरणशक्ती अशीच चालते. तिला एक ठळक प्रसंग लागतो.

आता ज्याच्या वाट्याला असा प्रसंग आलाच नाही, त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं काय करायचं? हा आजचा प्रश्न. आणि उदाहरण आहे पद्माकर शिवलकर यांचं.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. शिवलकर म्हणजे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. मैदानावर त्यांना ‘पॅडी’ म्हणत. जन्म १९४० चा; ३ मार्च २०२५ रोजी ते गेले. विनू मांकडांसारख्या जाणत्याची नजर त्यांच्यावर पडली आणि टेनिस बॉलवर खेळणारा मुलगा मुंबईच्या संघापर्यंत पोहोचला. प्रथम दर्जाचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. म्हणजे एका बळीसाठी वीस धावासुद्धा मोजल्या नाहीत. आणि कसोटी सामने? शून्य.

ते गेले तेव्हा जे लेख आले, त्यांतले बरेच आम्ही वाचले. बहुतेकांचा सूर एकच, ‘भारताकडून न खेळलेला महान गोलंदाज’, ‘दुर्दैवी शिवलकर’. लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण आमची तक्रार या प्रेमाच्या भाषेबद्दलच आहे. माणसाने पाव शतक जे केलं ते दोन ओळींत, आणि जे झालं नाही ते दोन रकाने! ही कसली समीक्षा? एखाद्या कवीवर लिहिताना त्याला मिळालेलं नाही त्या पारितोषिकावरच सगळा लेख लिहावा, तसं हे झालं.

मग समीक्षा कशाची करायची? कामाची करा. १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना घ्या. मद्रासचं चेपॉक मैदान, समोर तमिळनाडू. मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. एवढ्यावर सामना जिंकायचा कसा? तमिळनाडूला मुंबईने गुंडाळलं ८० आणि ६१ धावांत. त्यात शिवलकरांचे बळी पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. सगळे मिळून ३४ धावांत १३! आम्ही तेव्हा एम. ए. करत होतो. वसतिगृहातल्या वर्तमानपत्राचं ते पान दुपारपर्यंत हातोहात फिरून फाटलं, हे अजून आठवतं. तो मुंबईचा ओळीने पंधरावा रणजी करंडक.

कुणी म्हणेल, खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती. होतीच. पण ती काय एकट्या शिवलकरांसाठी होती? समोर व्यंकटराघवन होते, व्ही. व्ही. कुमार होते. म्हणून तर मुंबईचीही धावसंख्या तेवढीच राहिली. खेळपट्टी सगळ्यांना संधी देते. फलंदाजाला सहा चेंडूंत एकदाही उसंत न देणं हे गोलंदाजाचं स्वतःचं असतं.

इथं एक पथ्य पाळू. त्यांना मोठं करण्यासाठी बिशनसिंग बेदींना लहान करायचं नाही. बेदी ६७ कसोटी खेळले, २६६ बळी घेतले, आणि तेही जगभरच्या खेळपट्ट्यांवर, जगातल्या उत्तम फलंदाजांसमोर. सरासरीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘बघा, शिवलकर सरस’ असं म्हणणं ही हिशेबातली लबाडी होईल. शिवलकरांच्या पाठीशी मुंबईची भक्कम फलंदाजी होती, हेही विसरू नये. प्रश्न सरस कोण हा नाहीच.

हरियाणाचे राजिंदर गोयल यांचंही तेच झालं. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम दर्जाचे ७५० बळी, आणि कसोटी एकही नाही. १९७४ साली बंगळूरच्या कसोटीत बेदी नव्हते, तरी गोयल दारापर्यंत गेले आणि बाहेरच राहिले. सुनील गावसकरांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघांवर लिहिलं, ही त्यांची मोठी दाद. मंडळाने २०१७ साली दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तेव्हा शिवलकर पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

आता थोडं तत्त्वज्ञान, कारण ती आमची जुनी खोड. ॲरिस्टॉटल क्रियांचे दोन प्रकार करतो. एक, घर बांधण्यासारखी. घर पुरं होईपर्यंत ती अपुरीच. दुसरी, पाहण्यासारखी. पाहणं प्रत्येक क्षणी पुरं असतं. ‘अजून थोडं पाहिलं की मग पाहणं होईल’ असं आपण म्हणत नाही. आपण शिवलकरांची कारकीर्द घर बांधल्यासारखी वाचतो, म्हणजे कसोटी हा कळस आणि तो चढला नाही म्हणून देऊळ अर्धवट. पण चेपॉकवरचं ते षटक स्वतःत पुरं नव्हतं का? स्कॉटलंडमध्ये फुटबॉलच्या खालच्या विभागांत कितीतरी खेळाडू दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. त्यांनाही हेच लागू आहे. त्यांचा खेळ म्हणजे वरच्या विभागाची नुसती प्रतीक्षा नव्हे.

पण थांबा. इथंच कुणीतरी समाधानाने मान डोलावेल आणि म्हणेल, ‘बरोबर आहे, कर्म करावं, फळाची आशा धरू नये.’ या सोयीच्या वेदान्ताला आमचा तेवढाच विरोध आहे. फळाची आशा सोडणं हे कर्म करणाऱ्याने स्वतःला सांगायचं असतं. फळ वाटणाऱ्याने ते दुसऱ्याला ऐकवायचं नसतं! निवड समितीने निष्काम कर्म शिकवायला सुरुवात केली की समजावं, काहीतरी झाकायचं आहे.

शिवलकर गातही असत. त्यांच्या गाण्याचं नाव आणि आत्मचरित्राचंही नाव, ‘हा चेंडू दैवगतीचा’. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही या नावाशी वाद घालतो. बेदी त्याच काळात जन्मले, हे दैव खरं. पण संघात कुणाला घ्यायचं, दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एकत्र खेळवायचे की नाही, हे माणसांनी खोलीत बसून ठरवलं. त्याला दैव म्हणणं म्हणजे त्या माणसांना जबाबदारीतून मोकळं करणं. दैव आणि पुरुषकार यांचा वाद आपल्याकडे जुना आहे. योगवासिष्ठाने तर दैवाची भाषा करणाऱ्यांना चांगलंच फटकारलं आहे. शिवलकरांनी स्वतः दैव म्हटलं, तो त्यांचा मोठेपणा. आपण तसं म्हटलं तर तो आपला आळस.

तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवू. अन्याय झाला का? आमच्या मते झाला. त्यामुळे कारकीर्द अपुरी राहिली का? नाही. पहिल्या उत्तराने दुसरं झाकू नये, आणि दुसऱ्याने पहिलं माफ करू नये.

जाता जाता एक. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले की आपल्या महाड-पोलादपूरकडे वाड्यावाड्यांतून सामने होतात. कुणीतरी वहीत धावा लिहितो आणि पावसाळा लागला की ती वही चुलीत जाते. ती जपा. उद्या त्या मुलांपैकी एखादा परत आला, तर ‘कुठवर पोचलास?’ हे नंतर विचारा. आधी वही उघडा आणि तो खेळला कसा ते वाचा.

बोलणं लांबलं. इथंच थांबतो.