कंस कोणाचा? : बाखच्या चेलो-सुइट्सच्या नव्या चिकित्सक आवृत्त्या आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

साहित्यविचारात ‘संहिता’ ही संकल्पना गेल्या काही दशकांत पुरती प्रश्नांकित झाली आहे. लेखकाच्या हेतूला असलेले अग्रस्थान ढळले, अर्थनिर्मितीतील वाचकाचा सहभाग मान्य झाला, संहिता ही सिद्ध वस्तू नसून एक प्रक्रिया आहे असे मानण्याचा प्रघात पडला. तथापि या चर्चेचा प्रत्यक्ष ग्रंथसंपादनावर झालेला परिणाम मर्यादितच राहिला. संहितेच्या अस्थिरतेविषयी विस्ताराने लिहिणारा समीक्षकही हाताशी असलेली छापील प्रत निःशंकपणे उद्धृत करतो. पाश्चात्त्य अभिजात वाद्यसंगीताच्या क्षेत्रात मात्र हा प्रश्न असा बाजूला सारता येत नाही. दोन पाठांपैकी कोणता ग्राह्य, याविषयी वाचक साशंक राहू शकतो. वादकाला तशी मोकळीक नसते. त्याला गज कोणत्या तरी एका दिशेने ओढावाच लागतो. म्हणूनच या संगीताच्या नव्या चिकित्सक आवृत्त्या साहित्याच्या अभ्यासकालाही विचारप्रवृत्त करणाऱ्या ठरतात.

येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. वि. ना. भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरविल्या, तरी हिंदुस्थानी संगीतात बंदिशीचे जीवन मुख्यत्वे गुरुमुखातून चालत आलेल्या परंपरेत असते. स्वरलिपी तिला आधार देते, तिची जागा घेत नाही. युरोपीय अभिजात परंपरेत रचना आणि तिचे लेखन यांचा संबंध याहून घनिष्ठ आहे. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात तो टोकाला नेला. त्यांच्या मते स्वरलेखनाचे तंतोतंत पालन हीच रचनेच्या ओळखीची कसोटी होय. एक स्वर चुकला तरी ते वादन काटेकोर अर्थाने त्या रचनेचे राहत नाही. ही भूमिका स्वीकारली, की पुढचा प्रश्न अटळ होतो : ज्या रचनेच्या चार प्रती चार परींच्या आहेत, तिची ओळख कोणत्या प्रतीवरून ठरवावयाची?

योहान सेबास्टियन बाख यांच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा सुइट्स (बीडब्ल्यूव्ही १००७ ते १०१२) हे या प्रश्नाचे लक्षणीय उदाहरण आहे. बाख क्योटेन येथील दरबारात असताना, म्हणजे १७१७ ते १७२३ या काळात, त्या रचल्या गेल्या असाव्यात असे सामान्यतः मानले जाते. बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. अठराव्या शतकातील चार हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी एक बाखच्या द्वितीय पत्नी आना माग्डालेना यांच्या हातचे असून दुसरे ऑर्गनवादक योहान पेटर केल्नर यांनी १७२६ च्या सुमारास केलेले आहे. उरलेली दोन त्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यांच्या लेखनिकांची नावे प्रतींवर नाहीत. या दोन प्रतींत अलंकारांची चिन्हे अधिक आहेत आणि आज हरवलेल्या एखाद्या समान आदर्शावरून त्या उतरल्या असाव्यात, असे त्यांतील साम्यावरून दिसते. पहिली छापील आवृत्ती पॅरिसमध्ये १८२४ साली निघाली. याशिवाय पाचव्या सुइटचे ल्यूटसाठी केलेले रूपांतर (बीडब्ल्यूव्ही ९९५) खुद्द बाखच्या हस्ताक्षरात ब्रुसेल्स येथे जतन केलेले आहे. परंतु वाद्य बदलल्याने त्याची साक्ष मर्यादित ठरते.

स्वरांच्या बाबतीत या प्रतींतील मतभेद संख्येने फार नाहीत आणि त्यांचा निवाडा बहुधा करता येतो. खरी अडचण आहे ती स्लरची, म्हणजे अनेक स्वरांना एकत्र बांधणाऱ्या वक्र कंसरेषेची. या कंसाखालील स्वर चेलोवादक गजाच्या एकाच ओढीत वाजवतो; कंस संपला की गजाची दिशा पालटते आणि तेथे सूक्ष्म उच्चारभेद होतो. कंस तीन स्वरांवर घेतला की चारांवर, यावर स्वरावलीचा श्वास, तिच्यातील आघात आणि आतून सूचित होणाऱ्या दुसऱ्या स्वररेषेचे भान अवलंबून असते. आना माग्डालेना यांच्या प्रतीत हे कंस घाईने ओढलेले आहेत; अनेक ठिकाणी ते स्वरांच्या वर तरंगतात. पहिल्या सुइटच्या आरंभीच्या ओळीतच कंस नेमका कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याविषयी संपादकांत एकमत नाही.

डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी इंग्रजी ग्रंथसंपादनाच्या संदर्भात १९५० च्या सुमारास एक प्रसिद्ध भेद केला होता. शब्द हे पाठाचे सारभूत अंग, तर वर्णलेखन आणि विरामचिन्हे हे आनुषंगिक अंग. या दोहोंबाबत संपादकाने निरनिराळी पथ्ये पाळावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वरलेखनाला हा भेद लावू पाहताच तो अपुरा ठरतो. कंसरेषा दिसावयास विरामचिन्हासारखी आहे. लेखनिकही तिला आनुषंगिक मानूनच वागतो. वादनात मात्र ती सारभूत ठरते. लेखनिकाने ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले, तेच वादकाला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते, हा या संहितेचा मूळ पेच आहे.

या पेचातून वाट काढण्यासाठी अभ्यासकांनी एक मार्ग अवलंबिला. एकट्या व्हायोलिनसाठी असलेल्या बाखच्या सोनाटा व पार्टिटा यांची १७२० साल नोंदवलेली स्वहस्तलिखित प्रत उपलब्ध आहे आणि आना माग्डालेना यांनी केलेली त्यांची नक्कलही उपलब्ध आहे. या दोहोंची तुलना केली असता असे आढळते की, स्वर उतरवताना त्या कमालीच्या दक्ष आहेत. कंस उतरवताना तशा नाहीत. हा पुरावा मोलाचा खराच, परंतु त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. चेलोच्या प्रतीतील कंसांवर पूर्ण विश्वास टाकू नये, एवढे तो सांगतो. एखादा विशिष्ट कंस मुळात कोठे होता, हे सांगत नाही.

संपादनाचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिश ग्र्युट्झमाखर यांच्यासारख्या वादक-संपादकांनी या रचनांवर आपल्या अभिरुचीचे संस्कार केले. गजाच्या दिशा, नादाचे चढउतार, प्रसंगी स्वरही त्यांनी पुरवले. परंतु मूळचे कोणते आणि पुरवलेले कोणते, याची खूण ठेवली नाही. या प्रवृत्तीची प्रतिक्रिया म्हणून ‘उरटेक्स्ट’, म्हणजे मूळ पाठ, ही कल्पना पुढे आली. १८९५ पासून बर्लिनच्या कला अकादमीने या नावाने एक मालिका काढली; दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली स्थापन झालेल्या हेन्ले प्रकाशनाने हा शब्द जगभरच्या वादकांच्या तोंडी रुळवला. पाहता पाहता तो पद्धतीचा निदर्शक न राहता प्रामाण्याची मुद्रा होऊन बसला. संपादकाने स्वतःला पुसून टाकले की मागे लेखकच शिल्लक राहतो, असा भाबडा विश्वास त्यामागे होता. जेम्स ग्रायर यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संगीतसंपादनविषयक ग्रंथात संपादन ही मुळातच समीक्षेची कृती आहे, अशी भूमिका घेतली, तिचे महत्त्व या संदर्भात जाणवते.

चेलो-सुइट्सच्या संपादनात ही जाणीव टप्प्याटप्प्याने उतरलेली दिसते. बाख-गेझेलशाफ्टच्या मालिकेत आल्फ्रेड डॉर्फेल यांनी १८७९ साली सिद्ध केलेली आवृत्ती एकच पाठ देते. नव्या बाख-आवृत्तीसाठी हान्स एपश्टाइन यांनी १९८८ साली संपादन केले, तेव्हा त्यांनी हस्तलिखितांचे दोन गट मानून दोन स्वतंत्र पाठ छापले. बेरेनराइटर प्रकाशनाने २००० साली काढलेली, बेटिना श्वेमर आणि डग्लस वुडफुल-हॅरिस यांनी संपादित केलेली आवृत्ती याही पुढे गेली. तिच्यात चार हस्तलिखिते आणि पहिली छापील आवृत्ती यांच्या प्रतिमुद्रा स्वतंत्र पुस्तिकांच्या रूपाने दिल्या आहेत, आणि मुख्य स्वरलेखनातून कंस वगळले आहेत. साधने समोर आहेत. निर्णय वादकाने घ्यावा. नव्या बाख-आवृत्तीच्या सुधारित मालिकेत २०१६ साली या रचनांचे पुन्हा संपादन झाले, यावरून हा प्रश्न मिटलेला नाही हेही दिसून येते.

२००० सालच्या आवृत्तीची भूमिका विशेष चर्चेस पात्र आहे, कारण वाचककेंद्री साहित्यविचाराने जे तत्त्वतः मांडले ते येथे व्यवहारात आलेले दिसते. तिचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. जे ठाऊक नाही, ते ठाऊक असल्याचा आव ती आणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या संपादकाच्या कंसाला बाखचा कंस समजून वाजवीत आलेल्या वादकाला ती साधनांपाशी नेऊन उभी करते. तरीही दोन आक्षेप शिल्लक राहतात.

पहिला असा की, कंस वगळल्याने पाठ तटस्थ होत नाही. अठराव्या शतकातील लेखनसंकेतानुसार कंस नसलेल्या स्वरांना सामान्यतः स्वतंत्र गज अभिप्रेत असतो. म्हणजे कंसविरहित ओळ हाही एक पाठच आहे, आणि तो तर पाचांपैकी एकाही साधनात नाही. ‘येथे काही कंस होते, पण ते निश्चित करता येत नाहीत’ आणि ‘येथे कंस नव्हते’ ही दोन विधाने भिन्न आहेत; कोरा कागद ती वेगळी करून सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप प्रामाण्याविषयीचा आहे. पाच साधने सारख्याच आकाराच्या पुस्तिकांतून समोर आली की ती सारख्याच वजनाची भासतात. परंतु साक्षी मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. बाखच्या घरात तयार झालेली प्रत आणि त्याच्या मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी पॅरिसमध्ये छापलेले पुस्तक यांचा अधिकार एक नव्हे. हे तोलण्याची विद्या ज्याच्यापाशी आहे, तोच या स्वातंत्र्याचा उपभोग घेऊ शकतो. ज्याच्यापाशी ती नाही, तो विद्यार्थी गुरूच्या किंवा एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणाच्या आधीन होण्याचा संभव असतो. संपादकाने सोडलेली सत्ता वाचकाकडेच जाते असे नाही. पुष्कळदा ती रूढीकडे परत जाते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण शोपँ यांचे आहे. तेथे साधनांचे दुर्भिक्ष नाही, विपुलता आहे. त्यांच्या अनेक रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या आणि या आवृत्त्यांत फरक राहिले. शिवाय शिष्यांच्या छापील प्रतींत त्यांनी स्वतः फेरफार केले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस २८ मधील विसाव्या, सी मायनरमधील, प्रिल्यूडचा तिसरा बार पाहण्याजोगा आहे. त्याच्या अखेरच्या स्वरमेळात ‘ई’ शुद्ध घ्यावा की कोमल, हा वाद फार जुना आहे. छापील पाठात कोमलाचे चिन्ह नाही. जेन स्टर्लिंग या शिष्येच्या प्रतीत ते हाताने घातलेले आहे. एका चिन्हाने स्वरमेळ मेजरचा मायनर होतो. येथे दोन्ही पाठांना लेखकाच्या अधिकाराचे पाठबळ आहे. म्हणूनच पीटर्स प्रकाशनाच्या नव्या शोपँ-आवृत्तीने प्रत्येक रचनेसाठी एकच प्रमुख साधन निवडून त्याच्याशी एकनिष्ठ राहण्याचे, निरनिराळ्या साधनांची सरमिसळ टाळण्याचे आणि महत्त्वाचे पाठभेद वेगळे दाखवण्याचे धोरण स्वीकारले. लेखक एक असला तरी त्याचा हेतू एक असतोच असे नाही, ही गोष्ट येथे संपादनाचे तत्त्व म्हणून मान्य झाली आहे. निवड मात्र टाळलेली नाही.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१९ साली आरंभ झालेले हे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ पर्यंत वि. सी. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. हाती आलेला पाठ हे व्यासांचे मूळ महाभारत होय, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे ते रूप आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण म्हणून त्यांनी पाठ कोरा ठेवला नाही. त्यांनी निर्णय घेतला, आणि जेथे तो पुरेसा निश्चित नव्हता तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. खालच्या टीपांत पाठभेद आहेतच. परंतु संशय प्रथम दिसतो तो मुख्य पाठाच्या अंगावर. वाचक पान उलटण्यापूर्वीच सावध होतो. याउलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे केलेले शुद्धीकरण कितीही आदरणीय असले, तरी कोणता पाठ कोठे बदलला याची नोंद त्यासोबत नसल्याने पुढील संशोधकाला त्यापलीकडे जाणे दुष्कर झाले.

स्वरलेखनातही या नागमोडी रेघेचा समानधर्मा आहे. संपादकाने सुचवलेला कंस तुटक रेषेने छापण्याची रीत अनेक चिकित्सक आवृत्त्यांनी पाळली आहे. ही तुटक रेषा वादकाला एक निर्णय देते आणि त्याच क्षणी तो नाकारण्याचा अधिकारही देते. संपादकाची निवड, तिच्यामागील कारण आणि तिची अनिश्चितता या तिन्ही गोष्टी एकाच खुणेपासून शोधीत जाता येतात. कोऱ्या ओळीत यांपैकी काहीच सापडत नाही. अखंड रेषेत निवड सापडते, पण अनिश्चितता लपते.

तेव्हा नव्या चिकित्सक आवृत्त्यांचे मूल्यमापन त्या लेखकाच्या किती निकट गेल्या, या निकषावर करणे फलदायी ठरणार नाही. तो निकष पडताळून पाहण्याचे साधनच बहुधा हरवलेले असते. सापडलेले आणि ठरवलेले यांतील सीमारेषा आवृत्तीने कोठे आखली, ती वाचकाला पानावर दिसते काय, आणि ती ओलांडून त्याला स्वतःचा निर्णय घेता येतो काय, हे प्रश्न अधिक उपयुक्त आहेत. या कसोटीवर २००० सालची बेरेनराइटर आवृत्ती अभ्याससाधन म्हणून अत्यंत मोलाची ठरते, तर वादनाची प्रत म्हणून तिला तुटक रेषांची जोड हवी होती असे म्हणावे लागते. संतसाहित्याच्या ज्या संहितांच्या प्रती परस्परांशी जुळत नाहीत, त्यांचे संपादन हाती घेणाऱ्यासही हाच विवेक बाळगावा लागेल. पाठ निश्चित करण्याचे टाळून त्याची जबाबदारी टळत नाही. निश्चित केलेल्या पाठाखाली, आवश्यक तेथे, नागमोडी रेघ ओढल्यानेच ती पार पडते.