निवेदक कोण आणि भाषा कोणाची?

कादंबरीतील पात्रे आणि प्रसंग आपल्या लक्षात राहतात. परंतु हे सारे कोणाच्या डोळ्यांनी पाहिले आणि कोणाच्या शब्दांत सांगितले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारल्याखेरीज पात्राची खरी ओळख पटत नाही, असे आम्हांस वाटते. दोन परिचित मराठी कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातील धनगरवाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर सांगतो. त्याचे निवेदन प्रमाण मराठीत आहे. धनगर आपल्या बोलीत बोलतात. मास्तर बाहेरचा आहे. वाडी त्याला जसजशी कळते, तसतशीच ती वाचकालाही कळते. वृद्ध कारभाऱ्याचे मन त्याला बोलण्याचालण्यावरूनच ताडावे लागते. म्हणून कारभारी पुरता उलगडत नाही आणि म्हणूनच खरा वाटतो. दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा मास्तर मनापासून हळहळतो; पण त्याचे पोट मेंढरांवर अवलंबून नसते. हे अंतर माडगूळकरांनी लपविलेले नाही.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) हे अंतरच उरत नाही. मळ्यावर राबणारा गडी नारबा आपली कथा सांगतो आणि निवेदनासह सारी कादंबरी त्याच्या ग्रामीण बोलीत आहे. शेतीचे, जनावरांचे शब्द तो सहज वापरतो. त्यांचा अर्थ सांगण्याची त्यास गरज भासत नाही, कारण ते शब्द ‘विशेष’ वाटतात ते आपणांस, त्याला नव्हे. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरे नकोशी होतात. मालकाच्या लेखी तो हिशेब; नारबाचा मात्र गोतावळाच तुटतो. हीच कथा त्रयस्थाने प्रमाण भाषेत सांगितली असती, तर मुक्या जनावरांवर माया करणारा एक भाबडा गडी एवढेच आपल्या हाती लागले असते.

या पद्धतीतही धोका आहेच. नारबाच्या काही प्रतिमा इतक्या रेखीव उतरतात की त्याच्या आडून कवी यादव बोलत असल्याची शंका येते. उलट, मास्तराच्या निवेदनाला ही अडचण नाही. तो शिकलेला आहे आणि शिकलेल्याच भाषेत बोलतो.

तेव्हा बोलीतील निवेदन श्रेष्ठ आणि प्रमाण भाषेतील कनिष्ठ, असा निवाडा आम्ही करू इच्छित नाही. सांगणाऱ्याला जे दिसू शकते तेच त्याने सांगावे आणि त्याला साजेल अशा भाषेत सांगावे, एवढीच कसोटी पुरेशी आहे. नवोदितांच्या कथांत बोली पुष्कळदा हशा पिकविण्यापुरती येते. विचार करण्याची वेळ आली की तेच पात्र अचानक पुस्तकी बोलू लागते. आपल्या कोळ्याला, शेतकऱ्याला, गवंड्याला त्याच्या भाषेत दुःखही करता येते आणि विचारही, हा विश्वास लेखकापाशी हवा. तो नसेल, तर कंसातले अर्थ आणि तळटीपा कितीही दिल्या, तरी पात्र परकेच राहील.