दुष्काळ दिसतो, माती दिसत नाही

'वाळवंटीकरण' हा शब्द मला फसवा वाटतो. तो कानावर पडला की डोळ्यांपुढे राजस्थानातली वाळू येते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या करारात मात्र वाळूची अट नाही. शुष्क, अर्धशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशांत हवामानामुळे आणि माणसाच्या करणीमुळे जमिनीचा कस जाणे, एवढाच तिथे अर्थ आहे. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९मध्ये देशाच्या भूभागापैकी २९.७७ टक्के जमीन अशी खालावलेली होती. माणदेशात वाळूच्या टेकड्या उभ्या राहणार नाहीत. तिथे वरची माती ओढ्याने वाहून जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. वर्षानुवर्षे, कुणाच्या लक्षात न येता.

आपल्या समीक्षेला हे दिसत नाही, कारण ती दुष्काळ शोधत असते. दुष्काळ ही घटना आहे, तिला आरंभ-अंत असतो. माती जाण्याला नसतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. धनगरांची वाडी, तरुण मास्तर, कारभारी, तालमीची इमारत आणि शेवटी पावसाअभावी ओस पडलेले गाव. याला शोकान्त म्हणून आपण मोकळे होतो. मेंढरे मरतात, संकट खोटे नाही. पण गाव सुटणे ही अखेर आहे ती मास्तरची. त्याची शाळा पटावर चालते. धनगराला चालू लागणे नवे नाही. चारा सरला की कळप हलतो, कुरणाला उसंत मिळते. वाटेवरचा शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. कोरडा मुलूख या फिरण्यावर तगत आला. निवेदन मास्तरकडे असल्याने कादंबरी बसत्या गावाच्या नजरेतून संपते. ही मर्यादा मी निवेदकाची मानतो, माडगूळकरांची नाही. माणसे निघतात ते लेखक टिपतो, हळहळतो तो मास्तर. समीक्षेने मात्र मास्तरचीच हळहळ उचलली.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात आधी उतारावर बांध घालून माती अडवली, मग पाणी. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी माणशी वाटायचे, ऊस लावायचा नाही, भूमिहीनालाही वाटा द्यायचा. या तीन नियमांत अख्ख्या गावाचे भांडण भरलेले आहे. त्यावरची कादंबरी मला वाचायची आहे.