छत्तीसचा आकडा

ज्याला स्वतःला एखादी गोष्ट करता येत नाही त्यानं तिची समीक्षा करावी, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. त्या परंपरेला जागून मी आज एका यंत्राची समीक्षा करणार आहे. यंत्र म्हणजे गाडीच्या चाकात हवा भरण्याचं, बिनवायरचं, एका हातात मावणारं यंत्र. दिसायला थर्मासच्या धाकट्या भावासारखं. पोटात बॅटरी, अंगावर आकडे दाखवणारी काच आणि डोक्यातून निघालेली वीतभर शेपूट.

या भानगडीत मी हौसेनं पडलो नाही. एके रात्री साडेदहाला मेहुण्याचा फोन आला. सासूबाईंना धाप लागली होती, हॉस्पिटलात नेत होते. आम्ही दोघं धावत खाली आलो, तर स्कूटर मागच्या चाकावर फतकल मारून बसलेली. पंक्चरवाला नऊलाच दुकान बंद करतो. तीन रिक्षावाल्यांनी आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. चौथा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत ही माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात असा प्रसंग पहिलाच. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

सासूबाई चार दिवसांनी घरी आल्या आणि आल्या आल्या चहात साखर कमी म्हणून सुनेवर डाफरल्या, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी स्कूटर ढकलत कोपऱ्यावर नेली. पंक्चरवाल्यानं चाक पाण्याच्या घमेल्यात फिरवलं आणि म्हणाला, "पंक्चर नाय साहेब. वॉल्व्हमधून थोडी थोडी जात होती. तुम्ही हवा कधी बघितलेली?" मी गप्प. दिवाळीत बघितली होती. आता होळी आली होती.

त्या दिवशी मी स्कूटरवरचा तो छोटा कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. पुढे २२, मागे २९, आणि मागे कोणी बसणार असेल तर ३६. म्हणजे ही मागे बसली की आमचा छत्तीसचा आकडा, हे कंपनीनं छापूनच दिलं होतं! हे मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. तो माझा मूर्खपणा. "माझं वजन सात आकडे का?" एवढाच प्रश्न आला आणि भाजी पुन्हा वाढली गेली नाही.

असो. दुकानात गेलो. या यंत्रांच्या खोक्यांवर जे छापलेलं असतं त्याला वाङ्मयात अतिशयोक्ती अलंकार म्हणतात. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत १५०. एवढा दाब हे यंत्र देऊ शकतं म्हणे. अहो, पण माझ्या स्कूटरला ३६ पुरे, भाच्याच्या मोटारीला ३३. दीडशे घालून काय चाकाचा फटाका करायचा आहे? सायकलचा साधा हातपंपही दाब उत्तम देतो, पण त्यानं मोटारीचं चाक भरायला बसलं तर माणूस रिटायर होईल. खरा प्रश्न दर मिनिटाला किती लिटर हवा येते हा, आणि तो आकडा खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत असतो, किंवा नसतोच.

बॅटरीचंही तेच. आत दोन-तीन सेल असतात आणि काही शहाणे प्रत्येकाची क्षमता मिळवून एक भलामोठा आकडा वर छापतात. सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात, अवर नाही वाढत. आमच्या तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी हे मला जिन्यात पाऊण तास समजावलं. त्यांचा सारांश असा, की वॉट-अवर छापलेले असतील तर तो माणूस प्रामाणिक समजावा. मी दुकानदाराला वॉट-अवर विचारले. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याचं गोत्र विचारतोय.

मग मी उसनवारीचा मार्ग धरला. भाच्याकडे एक छोटं यंत्र होतं, इंजिनिअरांकडे एक मोठं. रविवारी सकाळी सात वाजता भाच्याच्या मोटारीपाशी आम्ही समीक्षेला बसलो. सातच का, तर चाकं थंड असताना मापायची असतात. गाडी पळवून आणली किंवा उन्हात उभी केली, की आतली हवा तापते आणि आकडा उगाच फुगतो. छोट्या यंत्रानं एका चाकाला पंचविसावरून तेहतीसवर न्यायला चार मिनिटं घेतली. मोठ्यानं दोन. पण वेळेपेक्षा आवाज ऐका! बिल्डिंगीत एकदम चार मिक्सर लागल्यासारखा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "चटणी करताय का रे खाली?"

तिसरं चाक झाल्यावर छोटं यंत्र इतकं तापलं, की त्यानं आपणहून वामकुक्षी घेतली. भाचा म्हणाला, "मामा, नळीचं टोक धरू नका." तोवर मी धरलं होतं. लहानपणी सायकलचा पंप मारताना नळकांडं हाताला चटका द्यायचं ते आठवलं. हवा कोंडली की तापते, माणसासारखीच.

नळी पेचानं फिरवून लावायची असते तेव्हा ती काढताना थोडी हवा सुस्कारा टाकून जाते, म्हणून एक आकडा जास्त भरावा. खटक्याची नळी पटकन निघते, पण ती चाकाच्या आरीत अडकलेल्या वॉल्व्हपर्यंत पोचेल तर शपथ. स्कूटरच्या छोट्या चाकात हात घालायचा तर नळी लांब आणि लवचीक हवी. ही एक गोष्ट खोक्यावर कुठेही लिहिलेली नव्हती आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली.

सायकलवाल्यांना मात्र सावधगिरीची सूचना. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या वॉल्व्हमध्ये रबराची ती बारीक नळी असते. ती हवा आत घेते, पण बाहेरची चौकशी आतून घेऊ देत नाही. तिथे यंत्राचा आकडा खोटाच. ती सायकल अंगठ्यानं दाबूनच बघावी. चाकात हवा भरायची ही कल्पना १८८८ साली पेटंट करणारे बेलफास्टचे डनलॉप हे मुळात जनावरांचे डॉक्टर. पोराच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी करायला त्यांनी हा उद्योग केला. त्यांनीही अंगठाच वापरला असेल असा माझा आपला अंदाज.

आकड्यांवरून आठवलं. एकाच चाकाला पेट्रोलपंपाचा काटा ३५ सांगत होता, भाच्याचं यंत्र ३२ आणि इंजिनिअरांचं ३३. इंजिनिअरांनी कपाटातून पेन्सिलीएवढा एक मापक आणला, तो ३३ म्हणाला. त्यांचा चेहरा दिवसभर उजळलेला होता. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या वर नायट्रोजनही भरायचा आग्रह करत होता, पैसे घेऊन. साध्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो आणि ती तिथे फुकट मिळते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पुढे घ्या."

शेवटी मी मधलं घेतलं. लांब नळीचं, आकडा लावून ठेवला की आपोआप थांबणारं, रात्री दिसावं म्हणून छोटा दिवा असलेलं. स्कूटरचं चाक मिनिटभरात भरतं. दोष दोन. एक म्हणजे ते चार्ज करून ठेवावं लागतं. दोन महिने विसरलात तर हवेच्या यंत्रातच दम नाही अशी गत. म्हणून दर एक तारखेला, पेपरवाल्याच्या बिलाबरोबर, मी ते लावतो. मे महिन्याच्या उन्हात ते डिकीत ठेवायचं नाही, बॅटरीला सोसत नाही. दुसरा दोष म्हणजे ते पंक्चर काढत नाही. खिळा असेल तर दुकानापर्यंत पोचवेल, एवढंच. वडिलांचा पायपंप मी म्हणूनच माळ्यावरून खाली आणून ठेवलाय. त्याला चार्जिंग लागत नाही, गुडघे लागतात.

आता सासूबाईंकडे दर शनिवारी जातो. निघण्याआधी मी खाली जाऊन छत्तीस लावतो. ही जिन्यात उभी राहून काचेकडे बघते, आणि मी आकडा अंगठ्यानं झाकतो.

यंत्र घेतल्यापासून कोपऱ्यावरून जाताना मात्र चोरट्यासारखं वाटायचं. पंक्चरवाल्यानं कितीदा फुकट हवा भरून दिली होती. गेल्या महिन्यात दुपारी त्यानंच हाक मारली. "साहेब, लाईट गेलीय, कॉम्प्रेसर बंद. तीन गाड्या खोळंबल्यात. तुमचं ते मशीन आणता का?" मी धावत वर गेलो. तासाभरानं तो यंत्र फडक्यात गुंडाळून परत घेऊन आला.

"दोन गाड्या भरल्या साहेब. तिसरीला मान टाकली त्यानं."

"तापलं का?"

"तापणारच की. लहान आहे अजून."